ओंडका ओढताना साखळी कुठे बांधता?

आरोग्याच्या सदरात ट्रॅक्टर कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. मधुमेह, रक्तदाब, पोरांचा खोकला हे नेहमीचे विषय सोडून डॉक्टर आज यंत्राच्या मागे का लागले? कारण असे की, पाऊस ओसरून जमिनी वाळल्या की माझ्या दवाखान्यात ठरावीक प्रकारचे जखमी येऊ लागतात. कोणाची बोटे साखळीत चेंगरलेली असतात, कोणाच्या नडगीवर ओंडका आलेला असतो. आणि दोन-चार वर्षांतून एकदा असा माणूस आणतात, की ज्याच्यासाठी माझ्याकडे करण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. हे सगळे बागेतली लाकडे ओढण्याच्या कामातले.

पूर्वी आपल्या कोकणात हे काम गडीमाणसे खांद्यावर करीत, नाहीतर बैल लावीत. आता माणसे मिळत नाहीत, बैल तर विचारूच नका. त्यांच्या जागी १५-२० अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर आला. आंब्या-काजूच्या दोन ओळींतून तो सहज जातो, म्हणून लोकांना सोयीचा वाटतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा दापोली-मंडणगडपर्यंत बागाच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते येऊन गेले. त्या दोन वर्षांत ज्यांनी आयुष्यात कधी लाकूड ओढले नव्हते, त्यांनीही ट्रॅक्टरला साखळी लावली. ती सवय आता राहिली आहे. सवय वाईट नाही. फक्त नांगरताना जो ट्रॅक्टर गरीब गाईसारखा वागतो, तो ओंडका लावल्यावर वेगळा वागतो, हे पुष्कळांना ठाऊक नाही.

तो कसा वागतो, हे आधी नीट समजून घेऊ. बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

ज्यांनी बैलगाडी पाहिली आहे त्यांना 'उलाळ' हा शब्द माहीत असेल. गाडीत मागच्या बाजूला जास्त भार पडला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांचे गळे आवळतात. ट्रॅक्टरही असाच उलाळ होतो. मागच्या दोन मोठ्या चाकांमधला जो आडवा एक्सल, त्याच्याभोवती सगळे धड तोललेले असते. साखळी एक्सलपेक्षा उंच जागी बांधली, समजा सीटच्या खालच्या भागाला किंवा वरच्या टॉप लिंकच्या खिळीला, तर ओंडक्याची ओढ ट्रॅक्टरला मागे उताणे पाडू पाहते. त्यात आणखी एक गोष्ट मिळते. इंजिन चाक फिरवीत असते. ओंडका एखाद्या मुळाला किंवा जांभ्याच्या दगडाला अडला आणि चाक जमिनीत घट्ट बसले, तर इंजिनाचा जोर कुठेतरी जायलाच हवा. चाक फिरत नाही म्हटल्यावर धडच चाकाभोवती फिरते. पुढची चाके वर येतात, बॉनेट आभाळाकडे जाते आणि चालवणारा स्टिअरिंगखाली सापडतो.

याला किती वेळ लागतो? पुढची चाके उचलली गेल्यापासून साधारण पाऊण सेकंदात ट्रॅक्टर अशा ठिकाणी पोचतो, की तिथून तो परत येत नाही. दीड सेकंदात तो उलटा जमिनीवर असतो. काहीतरी चुकते आहे हे डोळ्यांना दिसून, मेंदूला कळून, पायाने क्लच दाबायलाच जवळपास पाऊण सेकंद जातो. "मी वीस वर्षं गाडी चालवतोय, मला कळतं" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. कळते हो, पण कळेपर्यंत वेळ संपलेला असतो. मांडीचे हाड मोडून आलेल्या एका बागायतदाराने मला सांगितले होते, "डॉक्टर, काय झाला ता कळलाच नाय." तो खरेच बोलत होता.

म्हणून पहिला आणि सर्वांत मोठा नियम: साखळी फक्त ड्रॉबारला बांधायची. ड्रॉबार म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे खाली असलेली, भोके पाडलेली ओढपट्टी. ती मागच्या चाकाच्या मध्यापेक्षा चांगली खाली असते आणि ती तिथे मुद्दाम ठेवलेली असते. ओढ एवढ्या खाली असली की पुढचा भाग उचलला जाऊ लागताच पट्टीचे टोक आणखी खाली जाते आणि उलटवणारा जोर आपोआप कमी होत जातो. उंच बांधलेल्या साखळीच्या बाबतीत हे संरक्षण मिळत नाही. एक्सलच्या नळीला साखळीचा वेढा देणे हा आपल्याकडचा फार आवडता प्रकार आहे. तो धोकादायक आहे. लिफ्टच्या हातांना दांडा लावून त्याला ओंडका बांधणे आणि मग ओंडक्याचे तोंड उचलावे म्हणून लिफ्ट वर घेणे, हाही तसाच. लिफ्ट वर गेली की ओढही वर गेली. ड्रॉबारची खीळ पूर्ण आत गेली आहे ना आणि तिला अडकण लावले आहे ना, हे पाहायला दहा सेकंद लागतात.

"पण डॉक्टर, खाली बांधलं की ओंडक्याचं तोंड जमिनीत रुततं, त्याचं काय?" रास्त शंका आहे. ओंडका रुतला की ओढ अचानक वाढते, तेव्हा तोंड रुतू देऊ नये हे खरेच. त्यासाठी साखळी उंच करण्याऐवजी ओंडक्याचे पुढचे तोंड खालच्या बाजूने कुऱ्हाडीने तिरके तासून घ्यावे, होडीच्या नाळेसारखे. किंवा जाड पत्र्याचा तुकडा पुढून वाकवून तोंडाखाली घसरगाडीसारखा बांधावा. एका हुशार माणसाने जुन्या पाण्याच्या टाकीचा पत्रा यासाठी कापून ठेवलेला मी पाहिला आहे.

वजनाचा हिशेब

ओंडका किती जड आहे याचा अंदाज माणसे नेहमी कमी करतात. वखारीत आपण घेर मोजतो, त्याचा चौथा भाग घेतो, त्याचा वर्ग करून लांबीने गुणतो. पाच फूट घेर आणि दहा फूट लांबी असेल, तर या रीतीने साधारण साडेपंधरा घनफूट लाकूड भरते. परंतु ही व्यापाराची रीत आहे, तासताना वाया जाणारे लाकूड तिने वजा केलेले असते. खरे आकारमान २० घनफुटांच्या आसपास निघते. ऐन, किंजळ, जांभूळ असले ताजे तोडलेले ओले लाकूड पाण्याइतकेच जड धरावे, म्हणजे घनफुटाला २८ किलो. झाले साडेपाचशे किलोंहून अधिक! आणि तुमचा लहान ट्रॅक्टर स्वतः भरतो ८०० किलोंच्या आसपास. सपाटीवर, कोरड्या जमिनीवर तो हे ओझे कदाचित ओढील. चढावर त्याला सांगू नये.

यावर उपाय अगदी साधा आहे, आणि लोकांना तोच नको असतो. ओंडका तोडून लहान करावा. लांब लाकडाला भाव जास्त मिळतो, हे मलाही कळते. ज्याला लांबच लाकूड न्यायचे आहे त्याने मोठा ट्रॅक्टर किंवा जेसीबी भाड्याने बोलवावा. एका दिवसाचे ते भाडे हाडांच्या रुग्णालयातल्या पहिल्या दिवसाच्या बिलापेक्षा कमीच असते.

ओझे जास्त झाले आहे हे ट्रॅक्टर स्वतः सांगतो. स्टिअरिंग हलके लागू लागते, चाक वळवले तरी ट्रॅक्टर सरळच जाऊ पाहतो. याचा अर्थ पुढच्या चाकांवर भार उरलेला नाही. तिथेच थांबावे. पुढे बसवायची लोखंडी वजने मिळतात, ती लावावीत. कोणी तरुण पोरगा बॉनेटवर बसवून वजन वाढवू नये. हे मी गंमतीने लिहीत नाही, पाहिलेले लिहितो आहे.

उतार, गडगे आणि चिखल

आपली जमीन घाटमाथ्यावरच्या शेतासारखी सपाट नाही. एका मळीवरून दुसरीवर, मध्ये गडगा, पलीकडे वहाळ. चढावर ओंडका ओढणे हे सर्वांत धोक्याचे, कारण चढामुळे ट्रॅक्टर आधीच मागे झुकलेला असतो. होता होईल तो वाट अशी आखावी की भरलेला ट्रॅक्टर उतरणीला किंवा सपाटीला चालेल. सुरुवात खालच्या गिअरमध्ये, क्लच हळूहळू सोडत करावी. साखळी ताणली जाईपर्यंत मुंगीच्या पावलाने जावे आणि मग ओढावे. झटका देऊन ओंडका हलवण्याची खोड असेल तर ती सोडावी. चढावर ट्रॅक्टर अडला आणि मागे घसरू लागला, तर ब्रेकवर एकदम पाय देऊ नये, त्यानेही तो मागे उलटतो. अशी वेळ येईल असा चढच मुळात निवडू नये. पुढची चाके उचललेली जाणवली तर एकच गोष्ट करायची, क्लच दाबायचा.

उतरणीचा धोका वेगळा आहे. साखळीने ओढलेल्या ओंडक्याला ब्रेक नसतो. ओल्या गवतावर तो ट्रॅक्टरच्या आधी खाली पोचतो आणि वाटेत तुमचे मागचे चाक असते. तीव्र उतार असेल तर ओंडका ट्रॅक्टरला बांधून नेऊच नये. दोर एखाद्या भक्कम जित्या झाडाच्या बुंध्याला वेढे देऊन, सैल सोडत सोडत तो खाली सोडावा आणि खाली कोणीही उभे राहू नये. ट्रॅक्टर उतरताना खालच्या गिअरमध्येच ठेवावा, क्लच दाबून घसरत नेऊ नये. दोन्ही ब्रेकच्या पट्ट्या एकत्र अडकवलेल्या आहेत ना, ते आधी पाहावे. नांगरताना सुट्या केलेल्या तशाच राहतात, मग एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.

उतारावर आडवे जाऊ नये, बाजूने तिरकेही ओढू नये. ओंडका, साखळी आणि ट्रॅक्टर एका रेषेत आले की मगच ओढायला लागावे. मळीच्या कडेपासून, कड जितकी उंच असेल तितके तरी आत राहावे. चार फुटांचा गडगा असेल तर चार फूट आत. पावसाळ्यानंतरचा गडगा वरून भक्कम दिसतो, आतून पोखरलेला असतो.

चिखलात मागचे चाक फिरू लागले की एक जुनी युक्ती करतात. चाकाला आडवा बांबू किंवा सोट बांधतात, म्हणजे चाक त्यावर चढून बाहेर येते. ही युक्ती अनेकांच्या जिवावर बेतली आहे. बांधलेला सोट जमिनीला टेकला की चाक थांबते आणि मग वर सांगितले तेच घडते, धड फिरते. त्या वेळी मागे ओंडका असलाच पाहिजे असेही नाही. रुतलेला ट्रॅक्टर साखळी सोडून रिव्हर्समध्ये काढावा, नाहीतर दुसरा ट्रॅक्टर आणावा.

साखळीबद्दल दोन शब्द. नायलॉनचा दोर ताणला की रबरासारखा ताकद साठवतो आणि तुटला की ती सगळी एकदम परत देतो. टोकाला लोखंडी हूक असेल तर तो गोळीसारखा येतो. हे काम बिनजोडाच्या चांगल्या साखळीनेच करावे. नट-बोल्टने सांधलेली साखळी गुरे बांधायला ठीक. साखळीच्या लांबीच्या दीडपट अंतराच्या आत कोणी उभे राहू नये आणि ताणलेली साखळी ओलांडू नये. बोटे जातात ती बहुधा शेवटच्या क्षणी. साखळी नीट बसवायला हात घातलेला असतो आणि तेवढ्यात चालवणाऱ्याला वाटते, झाले. म्हणून खूण एकानेच करायची, ती ठरवून ठेवायची, आणि साखळी लावणारा माणूस बाजूला होऊन समोर दिसल्याशिवाय क्लच सोडायचा नाही. ओंडक्याला साखळी घालताना चढाच्या बाजूला उभे राहावे, उताराच्या बाजूला कधीही नाही.

मडगार्डवर नातवाला बसवून फिरवणाऱ्या आजोबांना मी काय सांगणार? मुलाला ट्रॅक्टर आवडतो, हे खरे. पण त्या मडगार्डला धरायला काही नसते आणि खाली फिरते चाक असते. लाकडाच्या कामाच्या दिवशी पोरांना घरी ठेवा, एवढी विनंती. आणि दुपारी 'थोडीशी' घेऊन कामावर येणाऱ्या गड्याला त्या दिवशी मजुरी देऊन घरी पाठवा, परवडेल.

ट्रॅक्टरच्या सीटमागे लोखंडी कमान असते, तिला सुरक्षा चौकट म्हणतात. ट्रॅक्टर उलटला तरी ती माणसापुरती जागा राखते. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरवर ही चौकट सक्तीची केली आणि पुढच्या काही दशकांत तिथे ट्रॅक्टरखाली सापडून मरणारी माणसे जवळजवळ दिसेनाशी झाली. आपल्याकडे बऱ्याच लहान ट्रॅक्टरवर ती नसते, असली तर फांद्यांना लागते म्हणून दुमडून ठेवतात. बागेबाहेर आलात की उभी करा. चौकट उभी असेल तर पट्टा लावलाच पाहिजे, नाहीतर माणूस बाहेर फेकला जाऊन त्याच चौकटीखाली येतो. चौकट नसेल तर मात्र पट्टा लावू नये.

अपघात झालाच तर

पहिले काम, इंजिन बंद करणे. डिझेल सांडलेले असते, कोणाच्या तोंडात बिडी असेल तर ती विझवा. दुसरे, १०८ ला फोन. वाडीचे नाव, जवळची शाळा किंवा देऊळ आणि माणूस यंत्राखाली अडकला आहे, हे तिन्ही सांगा. एक माणूस रस्त्यावर उभा करा, रुग्णवाहिका चुकून पुढच्या वाडीत जाते.

छातीवर किंवा मानेवर वजन असेल तर थांबायला वेळ नाही. छाती दाबलेली असली की श्वास आत जाऊ शकत नाही, काही मिनिटांचाच प्रश्न असतो. जॅक लावा, बाज्या-वासे घालून उचला, पण उचलाल तेवढ्या अंतरात लगोलग लाकडी ठोकळे सरकवत जा. दहा जण ओरडत ट्रॅक्टर उचलतात, एकाचा पाय घसरतो आणि तेच वजन दुसऱ्यांदा पडते. हे दुसरे पडणे पहिल्यापेक्षा वाईट. माणूस मोकळा झाला की त्याला काखेत धरून ओढू नका. कण्याला मार असू शकतो. घराचे दार काढा, फळी घ्या, डोके-मान-पाठ एका रेषेत ठेवून चौघांनी मिळून त्यावर घ्या.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी करून हाताने दाबून धरा. दर मिनिटाला उचलून बघू नका. हळद, चुना, कॉफी यांतले काही भरू नका, रुग्णालयात ते सगळे धुऊन काढण्यात वेळ जातो. दाबूनही हाता-पायाचे रक्त थांबत नसेल, तरच जखमेच्या वर रुंद पट्टीने घट्ट आवळा आणि बांधल्याची वेळ त्याच्या हातावर पेनने लिहा. बोट तुटून वेगळे झाले असेल तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोटाला बर्फ थेट लागू देऊ नका. चहा-पाणी पाजू नका, शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता असते.

आता जे सांगतो ते फारसे कोणाला ठाऊक नसते. पाय तासाभराहून अधिक वेळ ओंडक्याखाली दाबला गेला असेल आणि माणूस नीट बोलत असेल, तरी त्याला बरा समजू नये. दाबलेले स्नायू मरू लागतात. वजन निघाले की त्यांतले पोटॅशियम आणि स्नायूंतले लाल द्रव्य रक्तात उतरते. पोटॅशियमने हृदय थांबू शकते, त्या द्रव्याने मूत्रपिंडे बंद पडतात. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडले, तेव्हा ढिगाऱ्यातून जिवंत काढलेली माणसे काही दिवसांनी मूत्रपिंडे निकामी होऊन मरत. एरिक बायवॉटर्स आणि डेस्मंड बील या डॉक्टरांनी १९४१ साली ते लिहून काढले, तेव्हा डॉक्टरांना याचा उलगडा झाला. उपचार आहे, शिरेतून भरपूर सलाईन, आणि ते जितके लवकर, शक्य तर वजन काढण्याआधीच सुरू झाले तर उत्तम. म्हणून पाय बराच वेळ अडकलेला असेल आणि रुग्णवाहिका जवळ आलेली असेल, तर तिच्यासोबतच्या माणसांना सलाईन लावू द्या.

काही जण स्वतः उठून घरी जातात. "काही नाही, नुसता मुका मार आहे." अशा माणसाच्या पोटात दुखू लागले, डाव्या खांद्यात उगाच कळ आली, चक्कर आली, तर प्लीहा फुटून आत रक्त साचत असेल. त्याला त्याच घटकेला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. दोन दिवस लघवीकडे लक्ष ठेवावे. ती काळ्या चहासारखी झाली किंवा कमी झाली, तर सकाळची वाट न पाहता डायलिसिसची सोय असेल तिथे गाठावे. जखम लहान असो वा मोठी, मातीत झालेली आहे, तेव्हा धनुर्वाताच्या लसीची विचारणा त्याच दिवशी करावी.